मस्टरवरचं नाव

दिवाळीच्या तोंडावर मुंबई महापालिका एक यादी जाहीर करते. दुसऱ्या दिवशी ती सगळ्या वर्तमानपत्रांत छापून येते आणि लोक तिच्यातला पहिला आकडा तेवढा वाचतात. २०२४ साली तो २९ हजार रुपये होता. अधिकारी असो की कामगार, कायम नोकरीतल्या प्रत्येकाला तेवढीच रक्कम, आणि तिचं नाव ‘सानुग्रह अनुदान’. यादीत खाली उतरलं की आरोग्य स्वयंसेविका भेटतात, त्यांना १२ हजार. त्याखाली बालवाडीच्या शिक्षिका आणि मदतनीस, ५ हजार. या खालच्या दोन रकमांना अनुदान म्हणत नाहीत. त्यांचं नाव ‘भाऊबीज भेट’.

संपादकांनी यंदा ‘बरोबरी’ हा विषय दिला तेव्हा मला ही यादी आठवली. एकच मालक, एकच सण, आणि एकीला अनुदान तर दुसरीला ओवाळणी. भाऊबिजेला बहिणीने भावाशी हिशेब घालायचा नसतो, ही आपली रीत. हे नाव ज्याला सुचलं त्याला भाषा चांगली कळत असणार. कंत्राटावर कचरा उचलणारा माणूस तर या यादीत कुठेच नसतो, ओवाळणीपुरताही.

बरोबरीचा विषय घेऊन मंत्रालयात जाता येतं, विद्यापीठातही जाता येतं. मी मरोळला गेले. तिथे एकाच रस्त्यावर या यादीतल्या आणि यादीबाहेरच्या सगळ्या बाया सकाळी दहाच्या आत बघायला मिळतात.

नाका, पाईपलाईन, चौकी

पहाटे पावणेसहाला अंधेरी-कुर्ला रस्त्यावर उजेड असतो तो मेट्रोच्या स्थानकाचा. इथे आता दोन मेट्रो भेटतात. २०१४ पासून डोक्यावरून धावणारी एक आणि २०२४ पासून जमिनीखालून जाणारी दुसरी. त्यांच्या मधल्या पातळीवर, म्हणजे आपण चालतो त्या जमिनीवर, रात्रीतून साठलेलं सगळं पसरलेलं असतं: चहाचे कागदी पेले, वडापावचे कागद, हॉटेलांनी बाहेर काढून ठेवलेली ओली पिंपं. सुक्या मासळीच्या बाजाराकडून वारा आला तर मरोळ न बघताही ओळखू येतं.

मरोळ एका साथीतून वाढलेलं गाव आहे, असं इथले जुने ईस्ट इंडियन सांगतात. आज सीप्झ या निर्यातक्षेत्राच्या कुंपणात जे पडकं चर्च उभं आहे, तिथली वस्ती १८४० च्या सुमाराला रोगाची साथ आली तेव्हा उठली आणि मरोळात आली. पुढे एमआयडीसी आली, १९७३ मध्ये सीप्झ आलं, पाईपलाईनच्या कडेने चाळी आणि झोपड्या आल्या, मग काचेच्या इमारती. या सगळ्यांचा कचरा एकाच वॉर्डाचा, के-पूर्वचा.

साडेसहाच्या आधी हजेरी चौकीवर माणसं जमतात. चौकी म्हणजे एक खोली, बाहेर टेकवलेले झाडू, पालथ्या घातलेल्या हातगाड्या, भिंतीवर कुणाच्या तरी साहेबांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. मुकादम बीट वाटून देतो: तू चर्च रोड, तू मिलिटरी रोड, तुम्ही दोघी नाका ते बाजार. पूर्वी मस्टरवर सही किंवा अंगठा असे, आता यंत्रापुढे हजेरी लागते. शब्द मात्र जुनाच राहिला आहे. ‘मस्टरवर नाव आहे’ म्हणजे माणूस कायम. लग्न जमवताना सफाई कामगारांच्या वस्त्यांत हे वाक्य अजून मुलाच्या पगाराआधी विचारलं जातं.

नाक्यावर मला दोघी भेटल्या. एक पन्नाशीची, नवऱ्यामागे त्याच्या जागेवर लागलेली. दुसरी तिशीतली, जालन्याकडची, पाईपलाईनलगतच्या गल्ल्या झाडणारी. दोघींच्या हातात झाडू, दोघींच्या डोक्याला रुमाल. ओळखायची खूण पायात. थोरलीच्या पायात खात्याकडून मिळालेले बूट होते आणि धाकटीच्या पायात चपला.

धाकटीला विचारलं, ‘‘तुम्ही कुठल्या खात्यात?’’

‘‘आमी संस्थेत,’’ ती म्हणाली. ‘‘सयंसेवक.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे काम हेच. पगाराला मानधन म्हणायचं.’’

थोरली हसली. आकडा दोघींनीही सांगितला, पण तो इथे लिहीत नाही, कारण आकड्यावरून माणूस सापडतो. नाव छापू का, असं विचारल्यावर धाकटीने लगेच हात हलवला. ‘‘नको ताई. उद्या संस्थेवाला म्हणंल, लई शहाणी झाली.’’

वीसच्या आतला हिशेब

ती ‘स्वयंसेवक’ कशी झाली, याची गोष्ट मरोळच्या बाहेर सुरू होते आणि जवळपास पाव शतक मागे जाते.

कंत्राटी कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९७० चा कायदा होता. त्याच्या नियमांत एक कलम असं होतं की मूळ मालकाचा कामगार आणि ठेकेदाराचा कामगार एकसारखं किंवा मिळतंजुळतं काम करत असतील, तर वेतन, सुट्ट्या, कामाचे तास सारखेच हवेत. वाद झाला तर तो कामगार आयुक्तालयाने सोडवायचा. इतकं सरळ. समान कामाला समान दाम ही घोषणा मोर्चात ऐकून आपल्याला वाटतं की हा एखादा दूरचा आदर्श आहे. नियमांच्या पुस्तकात ती पन्नास वर्षांहून जास्त काळ छापलेली होती.

पण हा कायदा लागू व्हायला एका ठेकेदाराकडे किमान वीस माणसं लागत. मग काय करायचं? मोठं कंत्राट फोडायचं. तुकड्या वीसच्या आत ठेवायच्या. कागदावर शहरभर छोटे छोटे ठेकेदार दिसतात, प्रत्येकाकडे मोजकी माणसं, आणि कायदा त्या प्रत्येकाच्या दारावरून पुढे निघून जातो. महाराष्ट्राने पुढे २०१६ च्या दुरुस्तीने ही वीसची रेघ पन्नासवर नेली, त्यामुळे तुकडे करायचे कष्टही कमी झाले.

दुसरी युक्ती शब्दांची होती. या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत ‘हैदराबाद पॅटर्न’ नावाची पद्धत आली. ठेकेदाराच्या जागी स्वयंसेवी संस्था, कामगाराच्या जागी स्वयंसेवक आणि वेतनाच्या जागी मानधन. झोपडपट्ट्यांसाठी दत्तक वस्ती योजना होती, २०१३ पासून तिच्या जागी स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान आलं. नावात प्रबोधन आहे. धाकटी रोज सकाळी गटारातून जे बाहेर काढते, त्यात प्रबोधन नेमकं कोणाचं होतं हे मी तिला विचारलं नाही.

‘मानधन’ या शब्दाशी माझं जरा वाकडं आहे. व्याख्यानाला बोलावलेल्या पाहुण्याला देतात ते मानधन. आपण कामाचं मोल केलं नाही, फक्त मान राखला, असा त्याचा भाव. रोज सकाळी साडेसहाला हजर राहायचं, खाडा झाला की पैसे कापले जायचे, मुकादमाने सांगितलेली गल्ली झाडायची, याला मानधन म्हटलं की त्या शब्दातला मानही जातो आणि धनही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीच्या प्रकरणात हेच सोललं. कामाबद्दल मिळणारी रक्कम ती वेतनच, तिला मानधन म्हटल्याने ती दुसरं काही होत नाही. पण हा निकाल अंगणवाडीपुरता. तो पाईपलाईनच्या गल्लीत आपोआप चालत येत नाही.

तर वीसचा आकडा आणि स्वयंसेवक हा शब्द, यांनी दोन दारं बंद केली. सारखं वेतन मागायला गेलं तर आधी विचारणार, तू कामगार आहेस का? आहेस तर कोणाचा? संस्थेचा? मग संस्थेकडे माग. एकच दार उरतं, आणि ते सगळ्यात अवघड. हे कंत्राटच मुळात खोटं आहे, मधला ठेकेदार पडद्यासारखा टांगलेला आहे आणि मी पहिल्यापासून महापालिकेचाच कामगार आहे, हे सिद्ध करायचं.

२,७०० जण

हे दार कचरा वाहतूक श्रमिक संघाने ठोठावलं. १९९७ मध्ये उभी राहिलेली ही संघटना. मिलिंद रानडे हे तिचे सरचिटणीस. कामगार बहुतेक दलित, मराठवाड्यातून आणि तामिळनाडूतून आलेल्यांचे वंशज किंवा स्वतःच आलेले. त्यातले अनेक जण आधी डेब्रिज उचलणाऱ्या गाड्यांवर होते. मुंबईत घर पाडलं, बांधलं, गटार उपसलं की जो राडारोडा निघतो तो हातपाट्यांनी भरून गाडीत टाकणारे. गाडी ठेकेदाराची, रस्ता महापालिकेचा, आणि काय उचलायचं ते सांगणारा मुकादम किंवा ओव्हरसियरही महापालिकेचा.

हे शेवटचं वाक्यच खटल्याचा कणा होतं. कोर्टाला बघायचं असतं की कामावर ताबा कोणाचा. हजेरी कोण बघतो, बीट कोण ठरवतो, चुकलं तर कोण ओरडतो. ठेकेदार नुसता महिन्याच्या शेवटी पैसे वाटण्यापुरता उगवत असेल आणि ठेकेदार बदलला तरी माणसं, गाडी आणि रस्ता तोच राहत असेल, तर मालक कोण?

सर्वोच्च न्यायालयाची या प्रश्नावर आधी पाठशिवणी झालेली होती. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या मुंबईतल्या इमारती झाडणाऱ्या-पुसणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं, की कंत्राटी पद्धतीला बंदी झाली की कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात घटनापीठाने ते उलटवलं. आपोआप काही नाही. कंत्राट बनावट असल्याचा पुरावा घेऊन औद्योगिक न्यायाधिकरणात जा. आणि २००६ च्या उमादेवी निकालाने सरकारी नोकरीत मागच्या दाराने कोणाला कायम करायचं नाही असं बजावलं. प्रशासनांनी तेव्हापासून तो निकाल ढालीसारखा धरला. आपल्याकडचा कोणताही नगरपालिकेचा वकील झोपेतून उठवला तरी ‘उमादेवी’ म्हणेल.

२,७०० कामगारांच्या प्रकरणात औद्योगिक न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०१४ मध्ये निवाडा दिला. कंत्राट बनावट, कामगार महापालिकेचे. महापालिका उच्च न्यायालयात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि ७ एप्रिल २०१७ ला तिथेही हरली. त्यानंतर ५८० कामगारांचा आणखी एक खटला वेगळा चालला आणि तोही असाच पायरी पायरीने वर गेला. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर आहे. या पैशांतून वकिलांची फी किती आणि कामगारांचा फरक किती, हे गणित कुणीतरी मांडायला हवं.

या खटल्यांत कामगारांनी आणलेले पुरावे वाचायला मिळाले की आपला ‘पुरावा’ या शब्दाबद्दलचा समज बदलतो. ठेकेदार ओळखपत्र देत नाही, वेतनचिठ्ठी देत नाही, कारण कागद दिला की नातं सिद्ध होतं. ज्याच्याजवळ कागद ठेवायचा नाही असं ठरवूनच त्याला कामावर ठेवलेलं असतं, त्याच्याकडे कायदा कागद मागतो. वर्षात २४० दिवस भरले हे दाखव, म्हणतो. संघटनेचं रोजचं काम म्हणजे मोर्चे आणि घोषणा असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळ गाडीचे नंबर, तारखा आणि सह्या गोळा करण्याचं काम असतं.

रामा, रामू, रामचंद्र

जिंकल्यावर खरी गंमत सुरू झाली. गंमत हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण तिथे हसावं की रडावं कळत नाही.

न्यायालयाने २,७०० नावं मान्य केली. ती यादी बऱ्याच वर्षांपूर्वी बनलेली. आता महापालिकेने प्रत्येकाला सांगितलं, तू तोच हे दाखव. आणि शेकडो माणसं तिथेच अडकली, कारण यादीतलं नाव आणि कागदावरचं नाव जुळेना.

हे कसं होतं ते पाईपलाईनच्या गल्लीत बसून समजून घेणं सोपं आहे. धाकटीचंच बघा. आई तिला एका नावाने हाक मारते, सासरी दुसरं नाव ठेवलं. मुकादमाच्या वहीत तिसरंच, कारण मुकादमाला ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. गावच्या रेशनकार्डावर आडनाव गावाचं, मुंबईच्या आधारवर आडनाव नवऱ्याचं. आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून, कारण विचारणाऱ्याने वय अंदाजे टाकलं आणि यंत्राला तारीख हवी होती. आता तामिळ कामगाराची कल्पना करा. त्याच्याकडे आडनाव ही चीजच नसते. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लावायचं. मराठी कारकून ते आद्याक्षर खाऊन टाकतो किंवा त्याचं आडनाव बनवतो. रामा, रामू आणि रामचंद्र हा एकच माणूस आहे हे त्याच्या गाडीवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. फाईलला माहीत नसतं.

आपण मध्यमवर्गीय माणसं ‘नावात बदल’ म्हणून राजपत्रात जाहिरात देऊन मोकळे होतो. इथे प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाच्या बाहेर रांग, रांगेसाठी खाडा, खाड्याला कपात. आणि समोरचा खटला जिंकलेला माणूस! दहा वर्षं लढून, सर्वोच्च न्यायालयातून जिंकून, मग एका काना-मात्रेपाशी थांबलेला. या काळात काही जण वारले. वारलेल्याचं नाव दुरुस्त करायला आता त्याची विधवा जाते आणि तिचं स्वतःचं नावही जुळत नाही.

समान म्हणजे कशाशी समान

वेतनाच्या बरोबरीचा कायदा आपल्याकडे गरिबांनीच घडवला आहे, हे विसरायला होतं. १९८२ चा रणधीर सिंग खटला हा दिल्ली पोलिसातल्या एका ड्रायव्हर-शिपायाचा. दिल्ली प्रशासनातल्या इतर ड्रायव्हरांना जास्त पगार, मला कमी का, एवढाच त्याचा प्रश्न. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने घटनेतल्या अनुच्छेद ३९(घ) ला, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांच्या कपाटात ठेवलेल्या वाक्याला, प्रत्यक्ष हक्काचं बळ दिलं. १९८७ मध्ये मुंबईच्या ऑड्रे डिकॉस्टा जिंकल्या. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत त्या स्टेनोग्राफर होत्या आणि पुरुष स्टेनोंना जास्त पगार मिळत होता. कंपनीने सांगितलं, कामं वेगळी आहेत, शिवाय युनियनशी करार झालाय, शिवाय आमची परिस्थिती बेताची. न्यायालयाने तिन्ही कारणं बाजूला ठेवली. आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या जगजीत सिंग प्रकरणात न्या. खेहर आणि न्या. बोबडे यांनी सांगितलं की तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या माणसाला किमान मूळ वेतनश्रेणीची पहिली पायरी तरी द्यायलाच हवी. कमी पगारावर कोणी आपखुशीने काम करत नाही, पोट भरण्यासाठी स्वाभिमान गिळून करतो, अशा अर्थाचं त्या निकालात लिहिलं आहे.

यातला पेच ‘तेच काम’ या शब्दांत असतो. मरोळमध्ये मी थोरलीमागून नाका ते बाजार चालले आणि मग धाकटीमागून गल्लीत. थोरलीचा रस्ता रुंद. कचरा ढिगात येतो, हातगाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, मागून गाडी येऊन उचलून नेते. गल्ली खांद्याएवढी. हातगाडी शिरत नाही, म्हणून गोणी ओढत न्यायची. उघडं गटार, त्यात पोरांची शी, वर वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी. एक बाई दारातून भाजीची देठं टाकते आणि त्याच दारातून ‘मावशी, इथलं राहिलं’ म्हणून ओरडते. कागदावर मात्र पहिलं काम ‘रस्ता सफाई’ आणि दुसरं ‘वस्ती स्वच्छता’. कामं वेगळी आहेत हा युक्तिवाद अशा वेळी खरा ठरतो, फक्त उलट्या दिशेने.

या कामाच्या तुलनेवरून इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम शहर अक्षरशः दिवाळखोरीच्या दारात गेलं. तिथल्या नगरपालिकेत कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, कबरी खोदणारे पुरुष होते आणि शाळांतल्या स्वयंपाकिणी, इमारती पुसणाऱ्या, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायका होत्या. दोघांची श्रेणी एकच ठरवलेली. पण पुरुषांना वर बोनस, बायकांना नाही. बायका कोर्टात गेल्या. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोकरी सोडून गेलेल्या बायकांनाही दावा लावायची मुभा दिली. दावे वाढत गेले आणि ५ सप्टेंबर २०२३ ला नगरपालिकेने जाहीर केलं की आता अत्यावश्यक खर्चापलीकडे आम्ही काही देऊ शकत नाही. थकलेल्या समान वेतनाचा अंदाज तेव्हा ६५ ते ७६ कोटी पौंडांचा होता.

मला या गोष्टीतला बोनस आवडला. तिथेही सगळं बोनसवरून! फरक हा की बर्मिंगहॅमच्या बायकांनी ज्यांच्याकडे बोट दाखवलं ते कचरावाले होते. बरोबरी मागायची तर कोणाशी, याचं उत्तर तिथे कचरावाला आहे. आपल्याकडे कचरावालाच कोणाशी तरी बरोबरी मागतो आहे, आणि तोही शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कचरावाल्याशी.

पी.टी. केस

थोरलीला मी विचारलं, ‘‘सारखा पगार दिला आणि कायम नाही केलं, तर चालेल का हिला?’’

तिने मान हलवली. ‘‘पगार खाऊन संपतो, बाई. पोराला काय?’’

हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे महाराष्ट्रात सफाई कामगाराची जागा वारसाला मिळते. राज्य सरकारने २४ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयाने ते नियम एकत्र बांधले. महापालिकेच्या भाषेत याला ‘पी.टी. केस’ म्हणतात. ‘माझी पी.टी. केस चालू आहे’ असं एखादा पोरगा सांगतो तेव्हा आई किंवा बाप निवृत्त झाले आहेत किंवा गेले आहेत, आणि झाडू आता त्याच्या हातात येणार आहे. कायम कामगाराला याशिवाय भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा, कर्ज, कुणाला नशिबाने महापालिकेची खोली. वेतनचिठ्ठीवरचा आकडा हा या सगळ्याचा एक तुकडा.

पी.टी. केसकडे दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. एका पिढीने घाणीत हात घातला म्हणून दुसऱ्या पिढीला डोक्यावर छप्पर मिळालं, हे खरं. आणि जातीचं काम जातीतच राहावं याची सरकारी शिक्क्याने केलेली सोय, हेही खरं. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबई म्युनिसिपल कामगार संघ काढला, तेव्हाही त्यांच्यासमोर हेच लोक होते. त्यांच्या पोरांनी बापाच्या जागेवर लागू नये असं बाबासाहेबांना वाटत असणार, असं मला वाटतं. पण ते मी लिहायला बसले आहे, माझ्या पोरांना बापाची जागा नको आहे. थोरलीचा मुलगा बारावी झालाय, खाजगीत डिलिव्हरी करतो आणि पी.टी. केसची वाट बघतो.

मुंबईत कायम सफाई कामगार साधारण अठ्ठावीस-तीस हजारांच्या घरात आहेत. जो निवृत्त होतो त्याची जागा वारसाने भरली नाही तर हळूहळू कंत्राटात जाते. २०२५ मध्ये कचरा उचलण्यासाठी मोठ्या ‘सेवाधारित’ कंत्राटाची निविदा निघाली, म्हणजे माणसं आणि गाड्या दोन्ही कंत्राटदाराच्या. संघटना एकत्र आल्या, संपाची भाषा झाली. आता यात कायम कामगारही घाबरला आहे, आणि ही नवी गोष्ट आहे. कायमवाल्याला कंत्राटवाला आजवर जरा खालचा वाटे. चौकीत पाण्याचा माठ एक असला तरी पेले वेगळे राहत, असं थोरलीनेच सांगितलं. ‘‘आता कळतंय,’’ ती म्हणाली, ‘‘हिचं झालं ते आमच्या पोरांचं होणार.’’

संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या कामाच्या सुरक्षेच्या संहितेत एक बारीक ओळ आहे. आस्थापनेच्या ‘मुख्य कामा’त कंत्राटी माणूस लावू नये असं ती म्हणते आणि लगेच मुख्य कामातून काय वगळायचं ते सांगते. झाडणं, पुसणं, कचरा गोळा करणं आणि त्याची विल्हेवाट लावणं हे मुख्य काम नाही, जर आस्थापना त्याच कामासाठी उभी केलेली नसेल तर. मग महापालिका कशासाठी उभी केली आहे? पुढची वीस वर्षं वकिलांना हा प्रश्न पुरेल. शहरातला रोजचा सहा-सात हजार टन कचरा तोवर कांजूर आणि देवनारकडे जात राहील.

दहा वाजता

नऊनंतर थोरलीची हातगाडी रिकामी झाली आणि ती चौकीवर गेली. धाकटीची गल्ली संपत आली होती. तेवढ्यात समोरून साडीवर एप्रन घातलेली एक बाई आली, काखेत मोठं रजिस्टर. आरोग्य स्वयंसेविका, यादीतल्या १२ हजारांतली. महापालिकेची आरोग्य केंद्रं वस्तीत चालतात ती यांच्या पायांवर: ताप कोणाला, गरोदर कोण, कोणाच्या बाळाचा डोस राहिला, पिंपात डासांच्या अळ्या आहेत का. त्याही स्वयंसेविका, त्यांनाही मानधन, आणि त्यांच्याही संघटनेला किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधीसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली.

ती धाकटीच्या ओळखीची निघाली. दोघी दारात टेकल्या. धाकटीच्या जावेला पाचवा महिना आहे, नोंद करायची होती. स्वयंसेविकेने रजिस्टर मांडीवर उघडलं, पेनाचं टोपण दातांत धरलं.

‘‘नाव?’’

जावेने आतून नाव सांगितलं.

‘‘हे घरचं झालं. आधारवर काय आहे?’’

जाऊ आत गेली. पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढून आणली, पिशवीतून पाकीट, पाकिटातून कार्ड. स्वयंसेविकेने ते उजेडाकडे धरलं, ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं आणि रजिस्टरच्या रकान्यात तसंच, सावकाश, उतरवून घेतलं. मग वर बघून म्हणाली, ‘‘यात वेलांटी दुसरी आहे गं. राहू दे. आहे तीच टाकते, नाहीतर पुढे पैसे अडकतील तुझे.’’

धाकटी झाडू उभा धरून हे बघत होती. तिने आपल्या कमरेचा मोबाईल काढला, त्यात आधारचा फोटो उघडला आणि तो माझ्यापुढे धरून विचारलं, ‘‘ताई, माझी बरोबर हाय का बघा.’’